गृहसंगीतनिर्मितीसाठी संगणकाची निवड : वेग व वक्तशीरपणा यांचा ऐतिहासिक अभ्यास (१९८३ ते २०२०)

बीजसंज्ञा : गृहसंगीतनिर्मिती, संगणक, मिडी, विलंब, बफर, ध्वनिमुद्रण

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात ध्वनिमुद्रण ही कंपनी, आकाशवाणी केंद्र किंवा चित्रपटसंस्था यांच्याच आवाक्यातील गोष्ट होती. ध्वनिरोधक दालन, बहुपट्टी टेपयंत्र, मिश्रणमंच आणि ही सर्व सामग्री हाताळणारे तंत्रज्ञ यांच्याशिवाय मुद्रण संभवत नसे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत यातील बहुतेक कार्ये घरातील एका टेबलावरील संगणकात सामावली. या स्थित्यंतराचे स्पष्टीकरण बहुधा एका वाक्यात दिले जाते : संगणक वेगवान होत गेले, म्हणून संगीतनिर्मिती घरी आली. हे स्पष्टीकरण असत्य नाही, परंतु अपुरे आहे. द्रुत लयीत हात चालणारा तबलावादक समेवर येत नसेल, तर त्याच्या तयारीला मैफलीत मोल नसते. संगीताच्या संगणकाचेही असेच आहे. संगीतकारांनी वेळोवेळी कोणता संगणक निवडला व तो कसा सिद्ध केला, याचा इतिहास पाहता निर्णायक गुण वेग नसून वक्तशीरपणा होता, असे दिसून येते. हा मुद्दा स्पष्ट करणे आणि त्याच्या प्रकाशात आजच्या निवडीचे निकष तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी

संगणकाने ध्वनी निर्माण करण्याचा इतिहास गृहसंगणकापेक्षा जुना आहे. १९५७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील मॅक्स मॅथ्यूज यांनी लिहिलेल्या 'म्युझिक' या आज्ञावलीच्या साहाय्याने आयबीएम ७०४ या संगणकावर सुमारे १७ सेकंदांची रचना सिद्ध झाली. तथापि ही पद्धत आधी गणित व नंतर ध्वनी अशी होती. काही सेकंदांच्या ध्वनीसाठी संगणकाने त्याहून पुष्कळ अधिक वेळ घेतला तरी बिघडत नसे, कारण कोणी वादक समोर बसून उत्तराची वाट पाहत नव्हता. पट्टीवर बोट पडताच स्वर उमटला पाहिजे, ही अट आली तेव्हाच वक्तशीरपणाचा प्रश्न उपस्थित झाला.

मिडी व अटारीचे पर्व

ही अट घरगुती संगणकापर्यंत पोहोचवण्याचे कार्य 'मिडी' या संकेतप्रणालीने केले. रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी व सीक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने घडलेल्या या प्रणालीचे जाहीर प्रात्यक्षिक जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेत झाले. त्या वेळी दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडली गेली. मिडीतून ध्वनी जात नाही. कोणता स्वर, किती जोराने व केव्हा वाजवायचा, एवढीच आज्ञा जाते. तिचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट असल्याने एका स्वराचा पूर्ण संदेश जाण्यास सुमारे एक मिलिसेकंद लागतो. आजच्या मानाने हा वेग नगण्य आहे. परंतु तत्कालीन सामान्य संगणकालाही तो झेपत होता आणि वाद्यवादनाला पुरेसा होता.

या पार्श्वभूमीवर १९८५ मध्ये आलेल्या अटारी एसटी या संगणकाचे यश समजून घ्यावे लागते. ८ मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर आणि आरंभीच्या ५२० प्रतिमानात अवघी ५१२ किलोबाइट स्मृती, एवढीच त्याची सामग्री होती. परंतु मिडीची दोन्ही टोके त्याच्या मूळ बांधणीतच होती. वेगळे कार्ड विकत घ्यावे लागत नसे. १९८६ मध्ये आलेले एक मेगाबाइट स्मृतीचे १०४० हे प्रतिमान एकरंगी पडद्यासह हजार डॉलरच्या आत मिळत होते. जर्मनीतील स्टाइनबर्ग या कंपनीचा 'क्यूबेस' (१९८९) आणि सी-लॅब कंपनीचे 'क्रिएटर' व 'नोटेटर' हे सिक्वेन्सर याच यंत्रावर वाढले. पुढील अनेक वर्षे वापरात राहिलेल्या 'लॉजिक'चे मूळ सी-लॅबच्या या दोन आज्ञावलींत आहे.

अटारीचे खरे बळ त्याच्या उणिवेत होते. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम एका वेळी एकच मुख्य काम करीत असे. सिक्वेन्सर सुरू असताना पार्श्वभूमीला जाळ्याची विचारपूस, छपाई वा विषाणूंची तपासणी असे काही चालत नसे. परिणामी मिडीचे ठोके नियमित पडत. त्याहून सामर्थ्यशाली संगणक उपलब्ध झाल्यावरही अनेकांनी अटारी सोडला नाही. इंग्लंडमधील नॉर्मन कुक, म्हणजेच फॅटबॉय स्लिम, यांनी १९९८ मधील आपला गाजलेला अल्बम अटारीच्याच आधारे सिद्ध केला. तोपर्यंत त्या संगणकाचे उत्पादन थांबून काही वर्षे लोटली होती. केवळ जुन्याचा जिव्हाळा म्हणून या निष्ठेकडे पाहणे योग्य ठरणार नाही. संगीतकारांनी वक्तशीरपणा कानांनी पारखला होता.

ध्वनी संगणकात शिरतो

आज्ञेऐवजी प्रत्यक्ष ध्वनीच संगणकात साठवायचा ठरल्यावर गणित पालटले. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात व प्रत्येक नमुना १६ बिटचा असतो. द्विमार्गी ध्वनीच्या एका मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. १९८० च्या दशकातील घरगुती संगणकाला हा भार पेलणारा नव्हता. अमेरिकेतील डिजिडिझाइन कंपनीने त्यावर वेगळा तोडगा काढला. तिच्या 'साउंड टूल्स' (१९८९) व 'प्रो टूल्स' (१९९१) या संचांत ध्वनीचे गणित मॅकिन्टॉशच्या मुख्य प्रोसेसरकडे न देता स्वतंत्र कार्डावरील ध्वनिप्रोसेसरकडे सोपवले होते. संगणक खिडकी दाखवी. वेळ पाळण्याची जबाबदारी कार्डाची असे. चार पट्ट्यांच्या पहिल्या प्रो टूल्स संचाची किंमत, संगणक वगळता, सुमारे ६,००० डॉलर होती. वक्तशीरपणा आता विकत मिळत होता, परंतु घरगुती संगीतकाराला परवडेल अशा दराने नव्हे.

१९९६ मध्ये स्टाइनबर्गने 'क्यूबेस व्हीएसटी' बाजारात आणून ही भिंत खिळखिळी केली. प्रतिध्वनी, स्वरसंतुलन इत्यादी प्रक्रिया स्वतंत्र कार्डाविना संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवरच होऊ लागल्या. तरीही एक अडचण उरली. तत्कालीन विंडोजमध्ये ध्वनी अनेक थरांतून जात असल्याने विलंब दशांश सेकंदांत मोजावा लागे. गायकाला स्वतःचाच आवाज मागाहून ऐकू येत असेल, तर गाणे अशक्य होते. १९९७ मध्ये त्याच कंपनीने मांडलेल्या 'असिओ' या ड्रायव्हर-पद्धतीने मधले थर टाळून आज्ञावली व ध्वनिकार्ड यांच्यात थेट वाट काढली. ही पद्धत व व्हीएसटीचा आराखडा इतर निर्मात्यांना खुला ठेवल्याने लहान निर्मात्यांचीही वाद्ये व प्रक्रिया घरगुती संगणकात आल्या.

विलंबाचे गणित

संगणक लावणे म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी बफरची कल्पना आवश्यक आहे. संगणक ध्वनीचा एकेक नमुना स्वतंत्रपणे पाठवीत नाही. ठरावीक नमुन्यांची खेप तयार करून पाठवतो. ही खेप म्हणजे बफर. १,०२४ नमुन्यांची खेप सुमारे २३ मिलिसेकंदांची, तर १२८ नमुन्यांची खेप सुमारे २.९ मिलिसेकंदांची असते. हवेत ध्वनीला एक मीटर अंतर कापण्यास जवळपास तेवढाच, म्हणजे २.९ मिलिसेकंद, वेळ लागतो. म्हणून १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे ध्वनिक्षेपकापासून आणखी एक मीटर दूर बसणे; १,०२४ चा बफर म्हणजे सुमारे आठ मीटर दूर बसणे. मायक्रोफोनमधून आत येऊन पुन्हा बाहेर जाणाऱ्या आवाजाला हा विलंब किमान दोनदा सोसावा लागतो.

बफर लहान केला की विलंब घटतो, पण संगणकाची मुदतही आखडते. १२८ च्या बफरमध्ये सेकंदाला सुमारे ३४४ खेपा तयार कराव्या लागतात आणि प्रत्येक खेप २.९ मिलिसेकंदांच्या आत पूर्ण व्हावी लागते. ३४३ खेपा अर्ध्या वेळात झाल्या व एकच उशिरा आली, तरी ध्वनीत 'टक्' असा खंड पडतो. सरासरी वेग येथे उपयोगाचा नाही. सर्वांत वाईट क्षण निर्णायक ठरतो. बिनतारी जाळ्याचा ड्रायव्हर, वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरची गती कमीजास्त करणारी व्यवस्था, अवेळी सुरू होणारी विषाणूतपासणी हे अशा वाईट क्षणांचे नेहमीचे धनी होत.

मैफलीपूर्वी तानपुरा लावावा तसा संगणक लावण्याची रीत यातूनच रूढ झाली. ध्वनिमुद्रण करताना बफर लहान ठेवणे व मिश्रण करताना मोठा करणे. विजेची व्यवस्था पूर्ण क्षमतेवर ठेवणे. जाळे बंद ठेवणे. जड झालेली पट्टी 'गोठवून' तिचे गणित आधीच करून ठेवणे, हे तिचे नित्य नियम होत. १९९८ मधील 'गिगासॅम्पलर' या आज्ञावलीने प्रत्येक स्वराचा केवळ आरंभ स्मृतीत ठेवून उरलेला भाग वाजतेवेळीच डिस्कवरून आणण्याची युक्ती रुळवली. यामुळे डिस्कही वक्तशीरपणाच्या साखळीतील एक कडी बनली. या सर्व उपायांचा रोख एकच आहे : संगणकाला इतर कामांतून मोकळे करणे. अटारीला जे जन्मतः लाभले होते, ते पुढील यंत्रांना प्रयत्नाने साधावे लागले.

भारतीय संदर्भ

भारतात या बदलाची पावले वेगळ्या परिस्थितीत पडली. ए. आर. रहमान यांनी १९८९ मध्ये चेन्नई येथे आपल्या घराच्या आवारात स्टुडिओ उभारला आणि 'रोजा' (१९९२) चे संगीत तेथे आकारास आले. तथापि असा खर्च अपवादात्मक होता. १९९७ च्या माहिती-तंत्रज्ञान करारात सहभागी झाल्यावर भारताने संगणकांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने कमी करून २००५ पर्यंत शून्यावर आणले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठांतून सुटे भाग निवडून जोडलेला, 'असेंबल' केलेला संगणक मध्यमवर्गीय घरात येऊ लागला. त्यात मदरबोर्ड, स्मृती, ध्वनिकार्ड व पंखा यांची निवड ग्राहकालाच करावी लागे. २००० च्या दशकातील भारनियमनामुळे महाराष्ट्राच्या मोठ्या भागात संगणकासोबत यूपीएसचा खर्चही अपरिहार्य होता.

या सुलभतेची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील मोठे वाद्यवृंद हे अनेक दशके वादकांच्या उपजीविकेचे साधन होते. त्यांत पाश्चात्त्य स्वरलिपीत तरबेज असलेल्या गोव्यातील वादकांचा व संगीतसंयोजकांचा वाटा मोठा होता. ॲन्थनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही त्यांतील ठळक नावे. ग्रेगरी बूथ यांनी 'बिहाइंड द कर्टन' (२००८) या ग्रंथात या वादकांच्या मुलाखतींतून या व्यवस्थेचा उदय व अस्त नोंदवला आहे. सिंथेसायझर, बहुपट्टी मुद्रण व संगणकीय रचना यांमुळे १९९० च्या दशकात एकत्र बसून वाजवणाऱ्या समूहाची गरज घटत गेली. ज्या यंत्राने घरातील एकट्या संगीतकाराला दार उघडले, त्यानेच दालनातील शंभर वादकांसाठी ते ओढून घेतले. गृहसंगीतनिर्मितीचा इतिहास लिहिताना हे दोन्ही परिणाम एकाच पानावर मांडले पाहिजेत.

विपुलतेचे पर्व

२००५ नंतर एकाच प्रोसेसरमध्ये दोन व पुढे अनेक गाभे आले. परंतु एका पट्टीवरील प्रक्रियांची साखळी क्रमानेच पार पाडावी लागते. पहिलीचे उत्तर हाती येईपर्यंत दुसरी सुरू होत नाही. त्यामुळे गाभ्यांची संख्या वाढल्याने पट्ट्यांची संख्या वाढवता आली, तरी एका जड पट्टीला फारसा लाभ झाला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम१ हा प्रोसेसर असलेले संगणक आणले. त्यांपैकी मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. मायक्रोफोन व संगणक एकाच खोलीत असलेल्या घरगुती संगीतकारासाठी ही शांतता आकड्यांइतकीच मोलाची ठरली. मुक्त आज्ञावलींच्या क्षेत्रात लिनक्सची कठोर वेळ पाळणारी व्यवस्था, अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर, २०२४ मध्ये मुख्य प्रवाहात सामील झाली. बिली आयलिश व फिनिअस या भावंडांनी घरातील शयनकक्षात मुद्रित केलेल्या व २०१९ मध्ये प्रकाशित झालेल्या अल्बमला जानेवारी २०२० मध्ये ग्रॅमीचा वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा सन्मान मिळाला. घर व स्टुडिओ यांतील तांत्रिक अंतर मिटत आल्याचे ते चिन्ह होते.

विपुलतेने अवलंबित्व मात्र नव्या रूपात आणले. २००२ मध्ये ॲपलने लॉजिकची निर्माती कंपनी एमॅजिक विकत घेतली व लॉजिकची विंडोज आवृत्ती बंद केली. उत्तम चालणारे संगणक हाताशी असूनही त्या वापरकर्त्यांना यंत्र किंवा आज्ञावली यांपैकी एक सोडणे भाग पडले. संगणकाची निवड ही केवळ यंत्राची निवड नसते, हा या घटनेचा बोध आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून चार निष्कर्ष निघतात. पहिला, संगीताच्या संगणकाचा मुख्य गुण वक्तशीरपणा आहे. अटारीने तो साधेपणातून, प्रो टूल्सने स्वतंत्र कार्डातून, असिओने थेट वाटेतून साधला. आजचे संगणक तो विपुल क्षमतेतून साधतात. दुसरा, महाविद्यालयाच्या संगीत विभागासाठी दरपत्रके मागवताना केवळ गिगाहर्ट्झ व गिगाबाइट लिहिणे अपुरे आहे. ध्वनियंत्रणेचा ड्रायव्हर, १२८ नमुन्यांच्या बफरवर खंड न पडता चालण्याची प्रत्यक्ष चाचणी, यंत्राचा आवाज आणि आज्ञावली किती वर्षे चालेल याची शक्यता, या बाबी अटींत समाविष्ट व्हाव्यात. तिसरा, नवे यंत्र घेण्यापूर्वी हाती असलेले यंत्र लावून पाहावे. शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ते अनेकदा पुरेसे ठरते आणि वाचलेली रक्कम चांगल्या मायक्रोफोनसाठी वापरता येते. चौथा, संगणकाने वाद्यवृंदाची जागा घेतली असली तरी समूहात वाजवण्याचे शिक्षण त्याला देता येत नाही. विभागाच्या अंदाजपत्रकात संगणकासोबत साथसंगत करणाऱ्या वादकाच्या मानधनाची तरतूद कायम राहणे, हे या इतिहासातून घ्यावयाचे सर्वांत व्यवहार्य शहाणपण आहे.