परवाना : हात आणि सही

'परवाना' हा शब्द फारसीतून मराठीत आला तो आज्ञापत्राच्या अर्थाने. त्याच फारसीत 'परवाना' म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंगही. उर्दू काव्याने हा दुसरा अर्थ जपला, मराठी दप्तराने पहिला. इमारतीतील विजेच्या कामाचा परवाना हा विषय साहित्याच्या अभ्यासकाला रुक्ष वाटेल. परंतु ज्या घरात वीज येते तिथे हे दोन्ही अर्थ एकमेकांच्या फार जवळ येतात, आणि त्या दोहोंमध्ये काम करणारा एक माणूस उभा असतो. तो माणूस कोण असावा, हे ठरवण्याचा कायद्याचा प्रयत्न बराच जुना आहे.

हिंदुस्थानातील विजेचा पहिला कायदा १८८७ चा. त्याचा रोख विजेमुळे माणसाला आणि मालमत्तेला पोचणाऱ्या इजेवर होता. १९०३ च्या आणि त्याची जागा घेणाऱ्या १९१० च्या कायद्याने वीज पुरवणाऱ्या कंपन्यांना परवान्याच्या चौकटीत आणले. विद्युत निरीक्षकाची नेमणूक आणि अपघाताची खबर देण्याचे बंधन यांची तरतूदही १९१० च्या कायद्यात आहे. म्हणजे आरंभी परवाना हा प्रामुख्याने पुरवठादाराचा होता. भिंतीत तार बसवणारा कारागीर अजून कायद्याच्या नजरेत ठळकपणे आलेला नव्हता.

वऱ्हाडात तर कायदा येण्याची वाटच वेगळी होती. हा मुलूख १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली असला, तरी नावाने निजामाचाच राहिला. १९०२ च्या करारानंतर १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. ते स्वतंत्र आदेशांनी लागू करावे लागत. हा गुंता १९४१ च्या वऱ्हाडविषयक कायद्याने बव्हंशी सोडवला. पुढे १९५६ मध्ये विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. नकाशा बदलला तशी परवाना देणारी राजधानीही बदलली.

त्याच १९५६ साली भारतीय विद्युत नियम आले. त्यांतील ४५ वा नियम आपल्या विषयाचा गाभा आहे. दिवे, पंखे, फ्यूज, बटणे आणि घरगुती उपकरणे बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता विजेच्या जोडणीचे काम तिघांच्या मेळातून व्हावे, असे तो सांगतो : राज्य शासनाचा परवाना असलेला ठेकेदार, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षक आणि परवानाधारक कारागीर. याविरुद्ध झालेल्या कामात वीजप्रवाह सोडू नये, असेही त्यात आहे. २००३ च्या विद्युत अधिनियमाने १९१० चा कायदा रद्द केला. तरी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० आणि २०२३ च्या विनियमांत ही कल्पना टिकून राहिली.

आता वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील, अकोला–पूर्णा लोहमार्गावरच्या जऊळका या गावाचा विचार करा. येथे महानगरपालिका नाही. घर बांधायचे तर ग्रामपंचायत. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे ५२ वे कलम बांधकामाच्या परवानगीविषयी बोलते. पण ती परवानगी भिंतींपाशी थांबते. भिंतीतील तारेचा परवाना राज्याचा. वीजजोडणीच्या अर्जाला नमुना ८ चा उतारा लागतो आणि ठेकेदाराच्या सहीचा चाचणी अहवालही.

या ठिकाणी भाषेकडे पाहावे. शासनाच्या मराठीने 'अनुज्ञप्ती', 'तारतंत्री' हे शब्द दिले. गावात मात्र 'वायरमन' म्हणजे महावितरणचा खांबावर चढणारा कर्मचारी. त्याची हद्द मीटरपाशी संपते. मीटरच्या आत जो राबतो त्याला गाव 'लाइट फिटिंगवाला' म्हणते. एकाला पद आहे, दुसऱ्याला केवळ काम. या दुसऱ्याकडे अनेकदा हातात कसब असते, पण परवाना नसतो. मग काम त्याचे आणि सही तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी बसलेल्या ठेकेदाराची, अशी वाटणी खेड्यापाड्यांत सर्रास दिसते. नियमाने मागितलेली तीन माणसे एका कागदावरच्या एका सहीत मावतात.

त्या सहीखाली नेमके काय लिहिलेले असते? नियमांनी घालून दिलेली कसोटी साधी आहे. मेगर नावाच्या यंत्राने प्रत्येक प्रवाही तार आणि जमीन यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट द्यायचा. तारेवरच्या आवरणाचा रोध किमान १ मेगओहम भरला पाहिजे. ओल आलेली भिंत, उंदराने कुरतडलेली तार, सदोष सांधा असे दोष या मिनिटात सापडू शकतात. म्हणून चाचणी अहवाल ही त्या एका मिनिटाची साक्ष आहे. ते मिनिट घडलेच नसेल, तर अहवाल हे असे पत्र ठरते की ज्याच्या लेखकाने वर्णिलेली जागा पाहिलेलीच नाही.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातील आगीत १० बालके दगावली आणि चौकशीत विद्युत बिघाड पुढे आला. इमारतींच्या विद्युत तपासणीची चर्चा अशा घटनांनंतरच होते. चर्चेचा सूर बहुधा 'आणखी एक दाखला हवा' असा असतो. इतिहास मात्र वेगळे सुचवतो. दाखल्यांची उणीव १९५६ नंतर फारशी नव्हती; उणीव होती ती हात आणि सही एकाच जागी आणण्याची. गावातल्या त्या अनाम कारागिराला शिकवून, तपासून, परवाना देऊन स्वतःच्या नावाने सही करू देणे हा कायद्याचा मूळ हेतू होता. त्याला कागदाबाहेर ठेवून आपण घर सुरक्षित केले, असे मानणे ही स्वतःची फसवणूक आहे. त्या फसवणुकीची किंमत बहुधा सही करणारा देत नाही. जो बटण दाबतो तो देतो.