गळाची मासेमारी : गोड्या पाण्यातील छंद, अनुभव आणि शिस्त

रविवारी भल्या पहाटे, शहर अजून झोपेत असताना, काही मंडळी हातात काठी, खांद्यावर पिशवी आणि डब्यात कणकेचा गोळा घेऊन तलावाच्या दिशेने निघतात. मासे विकणे हा त्यांचा उद्देश नसतो आणि अनेकदा ती रिकाम्या हातानेच परततात. तरीही पुढच्या रविवारी ती पुन्हा त्याच काठावर बसलेली दिसतात. गळ टाकून मासे पकडण्याचा हा छंद महाराष्ट्रात जुना आहे. कोकणात त्याला 'गरवणे' म्हणतात, तर घाटावर 'गळ टाकणे'. पोटासाठी गळ टाकणारे गावोगावी होतेच. केवळ हौसेखातर काठी आणि रीळ घेऊन बसण्याची पद्धत मात्र ब्रिटिश अमदानीत रुजली. मुंबईत पवई तलावाच्या काठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन या जुन्या संस्थेने ही परंपरा टिकवून धरली आहे.

छंद म्हणून सुरुवात करणाऱ्यांना पहिला प्रश्न पडतो तो मासा कसा मिळवायचा हा. अनुभवी मंडळींना मात्र दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो : मिळालेल्या माशाचे काय करायचे? धरणे, सांडपाणी, वाळूउपसा आणि बेसुमार मासेमारी यांमुळे नद्यांतील मूळचे मासे कमी होत असताना या प्रश्नाचे उत्तर टाळता येण्याजोगे नाही.

पाण्यात आहे कोण?

महाराष्ट्रातील बहुतेक तलावांत आणि धरणांच्या जलाशयांत हौशी मासेमाराच्या गळाला लागतात ते रोहू, कटला आणि मृगळ. हे मूळचे उत्तरेकडील नद्यांचे मासे. मत्स्यबीज सोडून त्यांची येथे वाढ केली जाते. त्यांच्या जोडीला परदेशी सायप्रिनस आणि तिलापिया असतात. उजनीच्या परिसरात हाच तिलापिया 'चिलापी' या नावाने ओळखला जातो. खालच्या थरात वाम आणि शिंगटा, तर गवताळ, उथळ पाण्यात शिकारी वृत्तीचा मरळ आढळतो.

सह्याद्रीतील वाहत्या, स्वच्छ पाण्याचा खरा मानकरी मात्र महसीर. दख्खनच्या महसीरची शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम साईक्स यांनी १८३९ मध्ये केली. पुण्याजवळच्या मुळा-मुठेत मिळालेल्या माशांवरून त्यांनी हे वर्णन लिहिले. आज 'टॉर खुद्री' हे त्याचे शास्त्रीय नाव आहे. ज्या नदीने या माशाला शास्त्रात स्थान मिळवून दिले, तिची पुणे शहरातील सध्याची अवस्था सर्वांना ठाऊक आहे.

साहित्य : कमी, पण नेमके

नवोदितांनी महागड्या साहित्याच्या मागे लागू नये, असा जाणकारांचा सल्ला असतो. सात ते नऊ फुटांची मध्यम ताकदीची काठी, साधे फिरते रीळ, आठ ते दहा किलो वजन पेलणारा नायलॉनचा दोर, वेगवेगळ्या आकाराचे काही गळ, थोडी वजने आणि तरंगते बूच एवढ्यावर पहिली दोन वर्षे सहज निभावतात. आपल्याकडे अनेक जण बुचाऐवजी मोरपिसाचा देठ वापरतात. तो हलका असल्याने माशाने आमिषाला केलेला अगदी हळुवार स्पर्शही त्यावर उमटतो.

दोर फार बारीक घेण्याची हौस मात्र टाळावी. बारीक दोरावर मासा खेळवणे कौशल्याचे मानले जाते. परंतु झुंज जितकी लांबते तितका मासा थकतो. तो परत सोडला तरी जगेल याची खात्री राहत नाही. शिवाय तुटलेल्या दोरासह गळ माशाच्या तोंडातच राहतो.

आमिष आणि वेळ

रोहू-मृगळासाठी कणकेचा गोळा हे सर्वांत सोपे आमिष. त्यात भाजलेले चण्याचे पीठ किंवा शेंगदाण्याची पेंड मिसळली जाते. गोळा इतकाच घट्ट हवा की पाण्यात लगेच विरघळू नये आणि झटका देताच गळाचे टोक मोकळे व्हावे. बसण्याच्या जागी आधी थोडा कोंडा आणि पेंड टाकून मासे गोळा करण्याची पद्धत आहे. ती वापरताना हात आखडता ठेवावा. साचलेल्या पाण्यात पेंड कुजली, की पाण्यातील प्राणवायू कमी होतो.

शिंगटा आणि वाम यांना गांडूळ चालते. मरळ हलणाऱ्या आमिषावर झडप घालतो, त्यामुळे त्याच्यासाठी रबरी बेडूक किंवा चकाकणारा धातूचा चमचा वापरतात. मरळ हवेतील प्राणवायू घेण्यासाठी अधूनमधून पृष्ठभागावर येतो. पाणवनस्पतींमध्ये उठणारा तो बुडबुडा ओळखायला शिकणे ही मरळीच्या शिकारीतील पहिली पायरी. कावेरीच्या काठी महसीरसाठी नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा वापरण्याची जुनी रीत आहे.

वेळ साधारणपणे पहाटेची आणि सूर्यास्तापूर्वीची. पाणी तापलेले असताना मासे खोल उतरतात. एप्रिल-मेच्या दुपारी गळ टाकणे दोन कारणांनी अयोग्य ठरते. एक तर मासा लागत नाही, आणि लागलाच तर कोमट पाण्यात प्राणवायू कमी असल्याने सोडल्यावर तो सावरत नाही.

नव्या माणसाची नेहमीची चूक म्हणजे बूच हलताच काठी ओढणे. रोहू आधी आमिष चाचपतो. बूच आडवे होऊन एका दिशेने सरकू लागेपर्यंत थांबावे, मग मनगटाने छोटा झटका द्यावा. त्याचप्रमाणे काठावर पायांचा आवाज करणे, पाण्यावर सावली पाडणे आणि दर पाच मिनिटांनी जागा बदलणे या सवयी बहुतेकांना पहिल्या हंगामात रिकाम्या हाताने घरी पाठवतात.

चढणीचे मासे : संयमाची कसोटी

पहिल्या पावसात ओढे-नाले वाहू लागले, की अनेक जातींचे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात. कोकणात आणि कोल्हापूरच्या बाजूला यांना 'चढणीचे मासे' म्हणतात, तर ठाणे-रायगडकडे 'वलगणीचे मासे'. त्यांची चव आणि त्याभोवतीचा उत्साह हा ग्रामीण जीवनाचा भाग आहे. मात्र या दिवसांत पकडलेल्या प्रत्येक मादीबरोबर तिच्या पोटातील अंडीही जातात. ज्याची चूल या माशावर अवलंबून नाही, अशा हौशी मासेमाराने निदान हे काही आठवडे काठी भिंतीला टेकवून ठेवावी, ही अपेक्षा गैर नाही.

मरळीच्या बाबतीतही असाच नियम पाळला जातो. मरळ पिल्लांचा सांभाळ करतो. उथळ पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका फिरताना दिसला, की खाली पालक असतोच, आणि पिल्लांच्या रक्षणासाठी तो समोर आलेल्या कशावरही धावून जातो. अशा वेळी त्याला पकडणे अतिशय सोपे असते. तो गेल्यावर पिल्ले इतर माशांच्या तोंडी पडतात. म्हणूनच जाणते मासेमार असा पुंजका दिसताच जागा बदलतात.

मासा परत सोडताना

'पकडा आणि सोडा' ही पद्धत आता अनेक अँगलर पाळतात. परंतु मासा पाण्यात फेकला म्हणजे तो वाचला असे होत नाही. त्यासाठी पुढील काळजी घ्यावी :

- गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. गळ चटकन निघतो आणि जखम लहान राहते.
- माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करावेत. कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर निघतो आणि संसर्ग होतो.
- शक्यतो मासा पाण्यातच ठेवून गळ काढावा. छायाचित्रासाठी बाहेर काढलाच, तर माणूस जितका वेळ सहज श्वास रोखू शकतो तितकाच वेळ तो बाहेर राहावा.
- मोठा मासा जबड्याला किंवा कल्ल्याला धरून लटकवू नये. एक हात शेपटीजवळ आणि दुसरा पोटाखाली असावा.
- गळ खोल गिळला असेल तर ओढाताण न करता दोर तोंडाजवळ कापावा.
- वाहत्या पाण्यात माशाचे तोंड प्रवाहाकडे धरून त्याला आधार द्यावा. तो स्वतःच्या ताकदीने निसटेपर्यंत सोडू नये.

तिलापियासारखे परदेशी मासे परत सोडण्याची मात्र गरज नाही. ते खाण्यासाठी नेले तर नदीचे नुकसान होत नाही.

कावेरीचा धडा

या छंदाने निसर्गाला काय दिले आणि त्याचे काय नेले, याचे सर्वांत बोलके उदाहरण कावेरीचे आहे, आणि त्याचा एक धागा लोणावळ्याशी जोडलेला आहे.

कावेरीच्या खोऱ्यात पाठीवर उंचवटा असलेला एक महाकाय महसीर आढळतो. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एकाने १९४६ मध्ये पकडलेला १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा मासा जगभरच्या अँगलर मंडळींत आजही चर्चिला जातो. पुढे महसीरची संख्या घटू लागली. लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून दख्खनच्या महसीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वीपणे केले जात होते. हे काम मोलाचेच होते. तेथील पिल्ले अनेक राज्यांत पोहोचली आणि कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगला होता. परंतु कावेरीतील मासा वेगळ्या जातीचा आहे, याकडे त्या वेळी लक्ष गेले नाही.

पुढे काय घडले ते समजले अँगलर मंडळींच्या वह्यांमधून. कर्नाटकातील गालिबोर येथील शिबिरात पकडून सोडलेल्या माशांच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी संशोधकांनी तपासल्या. बाहेरून आलेला निळसर परांचा महसीर वाढत गेला होता. मूळचा उंचवट्याचा महसीर दुर्मीळ होत गेला होता, आणि जो सापडत होता तो प्रामुख्याने मोठा, जुना होता. याचा अर्थ, नवी पिढी येतच नव्हती. या माशाची शास्त्रीय ओळखही २०१८ मध्येच निश्चित झाली. तो 'टॉर रेमादेवी' असल्याचे स्पष्ट झाले आणि त्याच वर्षी त्याचा समावेश अतिधोक्यातील प्रजातींत करण्यात आला. दरम्यान, अभयारण्यातील गळाची मासेमारी वन्यजीव कायद्याच्या चौकटीत बसत नसल्याने कावेरीकाठची ही शिबिरे बंद झाली होती.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, कोणताही मासा एका पाण्यातून उचलून दुसऱ्या पाण्यात सोडू नये, मग हेतू कितीही चांगला असो. घरच्या काचपेटीतील नकोसे मासे तलावात सोडणे हाही त्यातलाच प्रकार. दुसरी, नोंद ठेवावी. तारीख, जागा, माशाची जात, लांबी, अंदाजे वजन आणि किती तास गळ टाकला, एवढे एका साध्या वहीत लिहिले तरी पंधरा वर्षांनी ते नदीचा इतिहास ठरू शकते. मासा मिळाला नाही, तो दिवसही लिहावा.

परवानगी आणि सुरक्षितता

तलाव सार्वजनिक दिसला तरी मासेमारी मोकळी असतेच असे नाही. राज्यातील अनेक जलाशयांतील मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, तेव्हा त्यांची परवानगी घ्यावी. तेथील कुटुंबांचा चरितार्थ त्या पाण्यावर चालतो, याचे भान ठेवावे. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांत गळ टाकू नये. मुंबईचे विहार व तुळशी तलाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतात, तर तानसा अभयारण्यात. काही ठिकाणी कायद्याआधी श्रद्धेनेच माशाला अभय दिले आहे. महाडजवळील वाळणकोंड येथे आणि वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे येथे देवाचे मासे म्हणून महसीर पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले आहेत. तेथे फक्त पाहावे.

विजा चमकू लागल्या की काठी ताबडतोब खाली ठेवून पाण्यापासून दूर जावे, कारण कार्बनच्या काठ्यांमधून वीज वाहते. वरून विजेच्या तारा गेल्या असतील तेथे गळ फेकू नये. धरणाच्या खालच्या बाजूला पाणी अचानक सोडले जाऊ शकते. भोंगा ऐकू येताच सामान गोळा करत न बसता वर यावे. पवई तलावात आणि सांगली परिसरातील कृष्णेत मगरी आहेत, त्यामुळे पाण्यात पाय सोडून बसणे धोक्याचे. जलाशयाचे पाणी उतरल्यावर उघडा पडलेला गाळ वरून घट्ट दिसतो, पण त्यात माणूस रुतू शकतो. एकट्याने जाऊ नये आणि जागा घरी सांगून जावे.

उठताना दोराचा प्रत्येक तुकडा परत न्यावा. नायलॉन वर्षानुवर्षे कुजत नाही आणि त्यात पाणकावळे, बगळे अडकून मरतात. काठावर बसणाऱ्या माणसाची खरी पारख त्याच्या पिशवीतील माशांवरून होत नाही. तो उठून गेल्यावर काठ कसा राहतो आणि पुढच्या वर्षी त्या पाण्यात मासा राहतो की नाही, यावरून ती होते.