आनुवंशिक अल्झायमर : एका घराण्याने दिलेली उत्तरे

‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हण आपल्याकडे रूढ आहे. वय झाले की स्मरणशक्ती क्षीण व्हायचीच, असे तीत गृहीत धरलेले आहे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबियाच्या अँटिओकिया प्रांतात मात्र अशी घरे आहेत, जिथे हा आजार साठीची वाट पाहत नाही. चाळिशी ओलांडली की माणूस तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागतो, ओळखीची नावे आठवत नाहीत आणि पन्नाशीच्या सुमारास रोजच्या व्यवहारांसाठीही त्याला दुसऱ्यावर विसंबावे लागते. डोंगराळ भागातील हे लोक या आजाराला ‘ला बोबेरा’, म्हणजे ‘खुळेपणा’ म्हणत. कोणी त्याला शाप मानीत, कोणी करणी, तर कोणाच्या मते विशिष्ट झाडाला हात लावल्याने तो जडत असे.

प्रत्यक्षात तो आनुवंशिक अल्झायमर होता. गेल्या चार दशकांत या घराण्याच्या अभ्यासातून जगाला अल्झायमरविषयी जे उमगले, ते मोलाचे आहे. ‘आई-वडिलांना झाला, म्हणजे मलाही होणार का?’ या घरोघरी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधतानाही हा अभ्यास उपयोगी पडतो.

वंशावळीचा शोध

१९८०च्या दशकाच्या प्रारंभी मेदेयीन शहरातील तरुण मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांच्याकडे सत्तेचाळीस वर्षांचा एक रुग्ण आला. या वयात स्मृती हरपावी याचे त्यांना आश्चर्य वाटले. चौकशीअंती रुग्णाच्या वडिलांना आणि अन्य आप्तांनाही हाच आजार झाल्याचे आढळले. पुढे यारुमल, अंगोस्तुरा अशा गावांतून तशीच कुटुंबे समोर आली. परिचारिका लुसिया माद्रिगाल यांच्या साथीने लोपेरा यांनी चर्चमधील जन्म, विवाह व मृत्यूच्या नोंदी तपासल्या आणि शेकडो वर्षांची वंशावळ जुळवली. ही कुटुंबे एकाच विस्तारित घराण्याच्या शाखा असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. घराण्याची सदस्यसंख्या सुमारे सहा हजारांच्या घरात आहे. त्यांपैकी जवळपास बाराशे जणांमध्ये हा दोष असल्याचा संशोधकांचा अंदाज आहे.

हे काम सुरू होते तेव्हा अँटिओकिया अमली पदार्थांच्या टोळ्या आणि सशस्त्र बंडखोर यांच्या हिंसाचारात होरपळत होता. खेड्यापाड्यांत जाऊन रक्ताचे नमुने गोळा करणे जोखमीचे होते. तरीही अमेरिकेतील संशोधक डॉ. केनेथ कोसिक यांच्या सहकार्याने अभ्यास पुढे सरकला आणि १९९०च्या दशकाच्या मध्यास आजाराचे मूळ सापडले. चौदाव्या गुणसूत्रावरील प्रेसेनिलिन-१ या जनुकात एका अक्षराचा फरक झाला होता. त्यामुळे या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात २८०व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी अॅलनिन येत होते. हा बदल युरोपातून आलेल्या एकाच पूर्वजाकडून सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी आला असावा, असा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून निघाला.

जनुक बिघडते म्हणजे काय?

मेंदूतील चेतापेशींच्या आवरणात अॅमिलॉइड प्रीकर्सर नावाचे एक लांबट प्रथिन असते. त्याचे तुकडे करणाऱ्या विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, प्रेसेनिलिन हा मुख्य भाग होय. प्रेसेनिलिन बदलले की काप चुकीच्या जागी बसतो, चिकट तुकड्यांचे प्रमाण वाढते आणि चेतापेशींभोवती त्यांचे थर साचू लागतात. त्यापाठोपाठ पेशींच्या आत टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचे गुंते तयार होतात व पेशी मरू लागतात.

अशा कौटुंबिक अल्झायमरला आजवर तीन जनुके कारणीभूत ठरली आहेत. मूळ अॅमिलॉइड प्रथिनाचे एकविसाव्या गुणसूत्रावरील जनुक लंडन येथील संशोधकांनी १९९१ मध्ये या आजाराशी जोडले. प्रेसेनिलिन-१ आणि प्रेसेनिलिन-२ या दोन जनुकांचा शोध १९९५ मध्ये लागला. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसावे गुणसूत्र एक जादा असते. त्या व्यक्तींना अल्झायमर लवकर गाठतो, त्याचेही हेच कारण आहे.

आनुवंशिकतेचे दोन प्रकार

या तीनपैकी एखादे जनुक सदोष असेल, तर त्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याकडे तो दोष जाण्याची शक्यता निम्मी असते आणि दोष आलाच तर आजार जवळजवळ अटळ असतो. मात्र अशा रुग्णांचे प्रमाण एकूण अल्झायमर रुग्णांत एक टक्क्याहूनही कमी आहे.

उर्वरित बहुसंख्य रुग्णांना आजार होतो तो पासष्टीनंतर. तेथे आनुवंशिकता असते ती केवळ धोका वाढवण्यापुरती. त्यात १९९३ मध्ये लक्षात आलेले एपीओई-४ हे जनुकरूप सर्वांत महत्त्वाचे आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून ते आल्यास धोका वाढतो, तर दोघांकडून आल्यास तो अनेक पटींनी वाढतो. तरीही हे रूप असलेल्या अनेकांना आजार होत नाही आणि ते नसलेल्या अनेकांना होतो. म्हणूनच आजोबांना ऐंशीव्या वर्षी झालेला अल्झायमर आणि सलग तीन पिढ्यांत पंचेचाळिशीला आलेला अल्झायमर यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

तपासणी कोणी करावी, याचे उत्तर या भेदातच दडलेले आहे. कुटुंबात साठीच्या आत आजार झालेले एकाहून अधिक रुग्ण असतील, तर जनुकीय समुपदेशकाचा सल्ला घेणे योग्य. समुपदेशनाशिवाय केलेली तपासणी हाती एक वाक्य देते. त्या वाक्यानिशी पुढील वीस वर्षे कशी जगायची, हे ती सांगत नाही.

आजाराआधीची पंचवीस वर्षे

कोलंबियातील घराण्यात सौम्य विस्मरण सरासरी चव्वेचाळिसाव्या वर्षी, तर स्मृतिभ्रंश एकोणपन्नासाव्या वर्षी सुरू होतो. आजार कधी येणार हे साधारणपणे आधीच ठाऊक असल्याने त्यापूर्वी मेंदूत काय घडते, हे पाहण्याची दुर्मीळ संधी संशोधकांना मिळाली. सदोष जनुक असलेल्या, परंतु पूर्णतः निरोगी दिसणाऱ्या १८ ते २६ वर्षांच्या तरुणांतही मेंदूच्या कार्यात फरक असल्याचे २०१२ मध्ये आढळले. त्याच वर्षी विविध देशांतील अशा कुटुंबांच्या अभ्यासातून, पाठीच्या कण्यातील द्रवात अॅमिलॉइडचे बदल लक्षणांच्या सुमारे २५ वर्षे आधी सुरू होत असल्याचे दिसून आले. आजार दिसू लागतो तेव्हा तो जुना झालेला असतो, हे यातून समोर आले.

मग लक्षणांपूर्वीच औषध दिले तर? २०१३ मध्ये मेदेयीनमध्ये तशी चाचणी सुरू झाली. अॅमिलॉइडला चिकटणारे क्रेनेझुमॅब हे प्रतिपिंड त्यासाठी निवडले गेले. घराण्यातील २५२ जण सहभागी झाले. आपल्यात दोष आहे की नाही, हे त्यांना सांगितले जाणार नव्हते. त्यामुळे दोष नसलेल्यांनाही चाचणीत घेऊन औषधविरहित इंजेक्शने देण्यात आली. नुसत्या सहभागावरून कोणाचे भवितव्य उघड होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. आपला धोका नसतानाही भावाबहिणींसाठी ही माणसे वर्षानुवर्षे इंजेक्शने घेत राहिली. जून २०२२ मध्ये निकाल जाहीर झाला. औषधाचा लक्षणीय उपयोग झाला नव्हता.

अपवादातून आशा

उपचाराची नवी दिशा मात्र याच घराण्यातून मिळाली. सदोष प्रेसेनिलिन असूनही एका महिलेला सत्तरीपर्यंत विस्मरणाचा त्रास झाला नव्हता. बोस्टन येथे तिच्या मेंदूचे स्कॅन केले असता अॅमिलॉइड भरपूर, पण टाऊ अत्यल्प आढळले. तिच्याकडे एपीओईचे ‘क्राइस्टचर्च’ हे दुर्मीळ रूप आई व वडील दोघांकडूनही आले होते. २०१९ मध्ये ही माहिती प्रसिद्ध झाली. सदुसष्टीपर्यंत तल्लख राहिलेल्या एका पुरुषात रीलिन या जनुकाचा निराळा संरक्षक बदल असल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. पुढे २०२४ मध्ये, क्राइस्टचर्च रूप एकाच बाजूने आलेल्या २७ नातलगांत आजार सुमारे पाच वर्षे उशिरा आल्याचे दिसले. निसर्गाने केलेली ही तडजोड औषधाने साधता येईल का, यावर आता संशोधन सुरू आहे.

गॅन्टेनेरुमॅब या दुसऱ्या प्रतिपिंडाविषयी मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्षही लक्षवेधी आहेत. आनुवंशिक दोष असलेल्या, पण लक्षणे नसलेल्या आणि सरासरी आठ वर्षे उपचार घेतलेल्या २२ जणांच्या गटात लक्षणे सुरू होण्याचा धोका सुमारे निम्म्याने घटल्याचे दिसले. गट लहान असल्याने हा अंतिम पुरावा मानता येत नाही.

सर्वसामान्यांसाठी काय?

भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात वर्तवण्यात आला. त्यातील फारच थोड्यांचा आजार अँटिओकियासारखा अटळ वारसा असेल. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ मधील अहवालानुसार जगातील जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येण्याजोगा आहे. रक्तदाब, मधुमेह व कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे, ऐकू कमी येत असल्यास वेळीच श्रवणयंत्र वापरणे, धूम्रपान सोडणे, व्यायाम करणे आणि माणसांत मिसळणे हे त्यावरील उपाय होत.

डॉ. लोपेरा यांचे १० सप्टेंबर २०२४ रोजी निधन झाले. चाळीस वर्षे ज्यांच्यासाठी झटले, त्या कुटुंबांना देण्याजोगा उपचार त्यांच्या हयातीत हाती आला नाही. तरीही घरातील माणूस गेल्यावर त्याचा मेंदू संशोधनासाठी देण्याची रीत या कुटुंबांनी सोडलेली नाही. मेदेयीनच्या विद्यापीठातील मेंदूपेढीत असे शेकडो मेंदू जतन करण्यात आले आहेत.