परभाषेच्या घरी एक वर्ष

परकी भाषा शिकावयाची तर व्याकरणाचे पुस्तक, एक शब्दकोश आणि बरा शिक्षक एवढी सामग्री पुरे, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. या सामग्रीने वाचता येते, परीक्षाही उतरता येते. पण परक्या गावी पाव विकत घेण्याची वेळ आली की तोंडातून शब्द फुटत नाही. भाषा शिकावयाची तर तिच्याच घरी जाऊन राहावे, हा विचार म्हणूनच फार जुना आहे. परंतु एखाद्या विद्यापीठाने आपले विद्यार्थी मुद्दाम वर्षभर परदेशी धाडावे आणि तेथील अभ्यास आपल्या पदवीसाठी मान्य करावा, ही प्रथा तितकी जुनी नाही. अमेरिकेत तिचा आरंभ १९२३ साली झाला.

डेलावेअर हे अमेरिकेतील एक चिमुकले राज्य. तेथील विद्यापीठात रेमंड कर्कब्राइड नावाचे फ्रेंचचे तरुण अध्यापक होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी सैनिक म्हणून काम केले होते. राष्ट्राराष्ट्रांत सलोखा व्हावयाचा तर तरुणांनी परस्परांच्या घरी राहून परस्परांची भाषा बोलली पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. विद्यापीठाचे अध्यक्ष वॉल्टर हलिहेन यांनी ही योजना उचलून धरली. विद्यापीठाच्या खजिन्यातून पैसा मिळेना, तेव्हा खासगी देणग्या जमविण्यात आल्या. उद्योगपती पिएर ड्यू पाँट हे देणगीदारांत होते. व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर यांनीही योजनेस पाठिंबा दिला. अध्यापकाच्या डोळ्यांपुढे शांतता होती, मंत्र्यांच्या डोळ्यांपुढे देशाचा व्यापारही होता. चांगल्या कार्याच्या गाडीला असे निरनिराळे बैल जुंपलेले पुष्कळदा आढळतात!

७ जुलै १९२३ रोजी आठ विद्यार्थी ‘रोशाम्बो’ या आगबोटीने फ्रान्सकडे निघाले. पहिला मुक्काम राजधानीत न ठेवता लोरेन प्रांतातील नान्सी या शहरी ठेवला होता. तोफांचा मारा सोसलेले हे शहर. युद्ध संपून अवघी पाच वर्षे होत होती. तेथे फ्रेंच कुटुंबांत राहून काही आठवडे भाषेचा कसून अभ्यास झाला, आणि मग मंडळी पॅरिसला सोर्बोनच्या व्याख्यानांस जाऊ लागली.

या पद्धतीचे मर्म कुटुंबात राहण्यात आहे. वर्गात विद्यार्थी पाठ करून येतो. जेवणाच्या मेजावर पाठ करून येता येत नाही. तेथे आजीबाईंना काही विचारावयाचे असते, धाकट्या मुलाला हसावयाचे असते, आणि कोणीही शब्दकोश उघडण्याची वाट पाहत नाही. इंग्रजीत समोरच्या माणसाला संबोधण्यास एकच सर्वनाम. फ्रेंचमध्ये एक जवळिकीचे, एक आदराचे. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील अंतर आपल्याला आईच्या मांडीवर कळते. अमेरिकन तरुणाला मात्र ते चुकतमाकत शिकावे लागते, कारण कोणास काय म्हणावे हा प्रश्न व्याकरणाचा जितका, तितकाच रीतिभातीचाही आहे. आपल्या देशात विद्वान म्हणून मिरविणारा वीस वर्षांचा तरुण तेथे पहिले काही आठवडे पाच वर्षांच्या पोराएवढा होऊन बसतो. हे लहानपण सोसल्याशिवाय भाषा प्रसन्न होत नाही.

पहिल्या तुकडीत सारे तरुण होते. १९२५ साली स्मिथ या स्त्रियांच्या महाविद्यालयाने बत्तीस विद्यार्थिनी पाठविल्या. आधी ग्रनोबल, मग पॅरिस. त्यांच्या योजनेत एक कडक नियम होता: वर्षभर फ्रेंचच बोलावयाचे, मैत्रिणींशी आपसांतसुद्धा!

१९२९ साली कर्कब्राइड वारले. दहा वर्षांनी दुसरे महायुद्ध पेटले. ज्या युद्धास आळा बसावा म्हणून एवढा खटाटोप केला, ते आलेच. मग हा प्रयोग फसला म्हणावयाचा काय? १९४८ साली डेलावेअरने ही योजना सोडली. ती स्वीट ब्रायर महाविद्यालयाने चालविण्यास घेतली. म्हणजे ती मोडली नाही, हात बदलून जिवंत राहिली.

पुढच्याच वर्षी स्मिथच्या योजनेतून जॅकलिन बूव्हिए ही वीस वर्षांची तरुणी पॅरिसला आली. तिची घरमालकीण सरदार घराण्यातील एक विधवा होती. जर्मन अंमलाविरुद्ध लढ्यात भाग घेतल्याबद्दल तिला रावेन्सब्रूकच्या छळछावणीत डांबले होते. तिचा पती छावणीतून परत आला नव्हता. हिवाळ्यात घर गारठलेले असे आणि साखर, कॉफी अजून शिधापत्रिकेवर मिळे. युद्ध म्हणजे काय हे पाहुण्या मुलीला अशा घरात न सांगता कळत असले पाहिजे. १९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पत्नी या नात्याने ती पॅरिसला गेली, तेव्हा द गॉल यांच्याशी फ्रेंचमध्येच बोलली.

परंतु परभाषेच्या घरात आपले स्वतःचे घरही वेगळे दिसू लागते. सप्टेंबर १९६३ मध्ये अँजेला डेव्हिस ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी अशाच एका वर्गासाठी बिआरित्स येथे आली होती. तेथे वर्तमानपत्रात तिने वाचले की, तिच्या जन्मगावी, बर्मिंगहॅम येथे, चर्चमधील बाँबस्फोटात चार मुली ठार झाल्या. त्यांपैकी काहींचा तिच्या घरच्यांशी परिचय होता. बरोबरच्या अमेरिकन मुलांना तिच्या दुःखाचा ठाव लागला नाही. भाषा एक असूनही माणसे एकमेकांस परकी राहू शकतात, हे तिला तेथे दिसले. कर्कब्राइड यांना राष्ट्राराष्ट्रांतील अंतर दिसले होते. एकाच राष्ट्राच्या पोटातील अंतर त्यांच्या योजनेत धरलेले नव्हते.

आज पुण्यामुंबईची मुलेही फ्रान्सला शिकावयास जातात. त्यांच्या खिशात असे यंत्र असते की घर कधी दूर जातच नाही. पहिल्या आठ जणांस घरचे पत्र येण्यासही आगबोटीची वाट पाहावी लागे. त्या मधल्या काळात बोलावयास माणसे हवीत, म्हणून ते समोरच्यांशी बोलले. तेव्हा आईबापांस एक विनंती आहे: पहिले काही आठवडे मुलांना रोज फोन करू नका. त्यांना थोडे एकटे पडू द्या; त्या घरचे कोणी ना कोणी त्यांच्याशी बोलेलच.