चूक कुणाची? की दुखापत कशामुळे?

परवाच्या रविवारी कोनला गेलो होतो. पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे हायवेला लागलं की पळस्प्याच्या पुढे येतं ते कोन. गिरणी कामगारांना म्हाडाची घरं मिळाली तेच. माझ्या मित्राचे बाबा तिथेच राहतात. दोन महिन्यांपूर्वी दूध आणायला म्हणून हायवे ओलांडत होते, बाईकने उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. आता वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरतात.

"माझंच लक्ष नव्हतं रे," काका म्हणाले. मीही मान डोलावली. पण घरी येईपर्यंत ते मान डोलावणं खुपत राहिलं. आमच्या धंद्यात याला 'युजर एरर' म्हणतात आणि तिकीट बंद करून टाकतात. बग तिथेच राहतो!

मग या विषयाचा इतिहास वाचत बसलो. गोष्ट सुरू होते १९१७ साली. ह्यू डीहेवन नावाचा पोरगा टेक्सासमध्ये विमान चालवायला शिकत होता. हवेतच दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली. तो वाचला, पण पोटात भयंकर इजा झाली, आणि ती केली पट्ट्याच्या बकलने. त्याने डोक्यात घेतलं: अपघात का झाला हे ठीक, पण माणसाला लागलं कशामुळे? १९४२ साली त्याने पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही जगलेल्या लोकांचा अभ्यास छापला. पुढे कॉर्नेल विद्यापीठात त्याने मोटार अपघातांचा प्रकल्प उभा केला. सुरुवात झाली ती इंडियाना राज्यातल्या ग्रामीण रस्त्यांवरून, तिथल्या पोलिसांच्या मदतीने. कळलं काय, तर धडकेत दारं उघडतात, माणसं बाहेर फेकली जातात आणि मरतात. आपल्याकडे अजून म्हणतात ना, "बाहेर फेकला गेला म्हणून वाचला"? आकडे नेमकं उलटं सांगत होते. १९५६ च्या मॉडेल्सपासून अमेरिकन गाड्यांच्या दारांची कुलपं सुधारली.

हाच विचार विल्यम हॅडन या डॉक्टरने पुढे नेला, आणि हॅडनच्या संस्थेत काम करून आला आपला एक माणूस: दिनेश मोहन. पवईच्या आयआयटीतून मेकॅनिकल, मग मिशिगनहून पीएचडी. दिल्ली आयआयटीत आल्यावर त्यांनी हरियाणातली नऊ गावं धरली. शेतीच्या कामात होणाऱ्या आणि रस्त्यावरच्या दुखापती सहकाऱ्यांबरोबर नोंदवल्या. कडबाकुट्टीत हात जातात म्हणून शेतकऱ्याला व्याख्यान देत बसले नाहीत, यंत्राच्या रचनेतच बदल सुचवले. माणूस चुकणारच, तेव्हा चुकीची शिक्षा मरण नसावी, असा रोख. २०२१ साली कोविडने ते गेले.

आता पुन्हा कोनकडे. गावाशेजारून जाणाऱ्या एक्स्प्रेसवेने २००१ मध्ये भक्ती बर्वे यांना नेलं, २०१२ मध्ये आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे यांना. दरवेळी आपण ड्रायव्हरबद्दल बोललो. २०१६ साली याच रस्त्यावर १५१ माणसं मेली. त्या वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी 'झीरो फॅटॅलिटी कॉरिडॉर' सुरू केला. उघडे काँक्रीटचे खांब, कठड्यांची टोकं, कडेला उभे ट्रक असं एकेक शोधून काढलं. २०१९ मध्ये मृत्यू ९२ वर आले. शून्य नाही, पण ड्रायव्हर काही तीन वर्षांत संत झाले नव्हते. रस्ता बदलला होता, आणि पहाराही.

याचा अर्थ वेगाने बाईक हाणणारा सुटला असा नाही. पण काकांना ओलांडायला जागा कुठे होती, हा प्रश्न मी विचारलाच नाही. एक्स्प्रेसवेवर पाहणी होते, कारण तिथून आपण लोणावळ्याला जातो. गावातल्या जुन्या हायवेवर चालणारा माणूस मात्र अजून 'युजर एरर'च आहे.

पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे. काकांना सांगायचंय, की चूक एकट्या तुमची नव्हती. आणि हो, मागच्या सीटवर बसलात तरी पट्टा लावा. डीहेवनचं ऐका!