घरकाम, बक्षीस आणि जनगणनेतली एक सूचना

मे महिना आला की अनेक घरांत फ्रिजवर तक्ता लागतो. अंथरूण आवरलं, एक स्टार. झाडांना पाणी घातलं, आणखी एक. दहा स्टार झाले की आइस्क्रीम. समजा, हा तक्ता साधन म्हणून तुमच्या हाती आला, तर त्याला काय विचाराल? ‘बक्षिसाने मुलं सुधारतात का?’ हा प्रश्न मानसशास्त्राचा. इतिहासाचा प्रश्न असा: मुलांच्या या राबण्याला ‘काम’ म्हणायचं की नाही, हे ठरवलं कोणी?

अमेरिकेचं उदाहरण घेऊ. १९०० च्या जनगणनेत तिथे १० ते १५ वर्षांची साधारण साडेसतरा लाख मुलं कामकरी म्हणून नोंदली गेली. आकडा मोठा आहे, पण तो उचलून लगेच प्रबंधात टाकू नका. मोजणाऱ्यांना काय सांगितलं होतं, ते आधी बघा. १९१० च्या जनगणनेच्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की, आईवडिलांसाठी घरात नुसतं घरकाम किंवा किरकोळ कामं करणाऱ्या मुलांना ‘व्यवसाय नाही’ असं नोंदवा. घरकामाव्यतिरिक्त इतर कामात भरीव मदत करणाऱ्यांचा व्यवसाय मात्र नोंदवा. म्हणजे बापाबरोबर शेतात राबणारा मुलगा आकड्यात आला. दिवसभर धुणी-भांडी करून धाकटं भावंड सांभाळणारी त्याची बहीण आलीच नाही.

पुढे शाळा सक्तीची होत गेली, १९३८ च्या कायद्याने बालमजुरीवर देशभर बंधनं आली. समाजशास्त्रज्ञ व्हिवियाना झेलायझर यांनी १९८५ च्या पुस्तकात दाखवलंय की, याच सुमारास मुलाची कमाई गौण ठरली आणि त्याचं भावनिक मोल वाढलं. मग घरकाम कशासाठी? तर घराची गरज म्हणून नाही, मुलाला वळण लागावं म्हणून! पालकांना सल्ला देणारे तज्ज्ञ सांगू लागले की हातखर्चाचे पैसे नियमित द्या, पण ती घरकामाची मजुरी होऊ देऊ नका.

इथे नवशिके हमखास फसतात. सल्ल्याच्या पुस्तकावरून ‘पालक असं वागत होते’ असा निष्कर्ष काढता येत नाही. उलट, ‘पैसे देऊ नका’ असं पुन्हा पुन्हा सांगावं लागतंय, म्हणजे काही घरांत ते दिले जात असणार, अशी शंका घ्या आणि दुसरं साधन शोधा.

ही चूक आपल्याही हातून होते. मी एकदा आजीला विचारलं, “लहानपणी सुट्टीत काय काम करायचीस?” ती म्हणाली, “काम कसलं? खेळायचो.” थोड्या वेळाने मी सहज म्हटलं, “मग वाळवणं कोण राखायचं?” “आम्हीच की! कावळे हाकत भर उन्हात बसायचो. पाणी भरायचं, पाळणा हलवायचा, तेही आमच्याकडेच.” “आणि बक्षीस?” “पापडाच्या लाट्या मिळायच्या ना खायला!”

माझ्या पहिल्या प्रश्नातला ‘काम’ हा शब्द जनगणनेच्या त्या सूचनेसारखाच वागला होता. त्याच रात्री मी प्रश्नावली बदलली. ‘काय काम करायचात?’ हा प्रश्न खोडला आणि लिहिलं, ‘सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंतचा एक दिवस सांगा.’ तुमच्या प्रश्नावलीत असा एखादा शब्द आहे का? मुलाखतीला निघण्याआधी शोधा.