न दिसणारा टाका

बिरसी म्हटले की गोंदियाकडच्या माणसाला विमानतळ आठवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी तिथे धावपट्टी बांधली आणि २०२२ च्या मार्चमध्ये तिच्यावरून प्रवासी विमानही उडाले. मला मात्र बिरसी म्हटले की धावपट्टी नव्हे, धावदोरा आठवतो. माझी मोठी आई तिथे राहायची. हाताने शिवायला मी तिच्या अंगणात शिकलो, आणि तेही आधी कापडावर नाही, पळसाच्या पानावर.

बांबूची बारीक काडी एका पानातून खाली घालायची, दुसऱ्यातून वर काढायची आणि उरलेली मोडून टाकायची. पत्रावळ लावतात ती अशीच. पान फाटले तर नुकसान काही नाही, दुसरे घ्यायचे. टाक्याचे अंतर आणि ताण हाताला कळेपर्यंत पानेच. विचार केला तर हा क्रम इतिहासाला धरूनच आहे. सायबेरियातल्या देनिसोवा गुहेत सापडलेली हाडाची सुई सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीची मानतात. म्हणजे कापड विणण्याच्या कितीतरी आधी माणूस शिवत होता.

पानांनंतर जुन्या लुगड्याची चिंधी हातात आली. दोरा हातभरच घ्यायचा, जास्त लांब घेतला की गुंततो. गाठ आतल्या बाजूला. धावदोरा सरळ येऊ लागला की उलटी टीप, एक पाऊल मागे आणि दोन पुढे. ही शिवण पक्की, सहजासहजी उसवत नाही. सर्वांत शेवटी तुरपाई. काठ दोनदा दुमडायचा आणि वरच्या कापडाचा एखादाच धागा सुईने उचलायचा. मोठी आई कापड उलटून बघायची. टाका दिसला की उसवायला लावायची, पुन्हा पहिल्यापासून.

आपला जुना पोशाख बराचसा न शिवलेलाच. लुगडे, धोतर, उपरणे, पागोटे यांना सुई लागत नाही. शिवायची ती चोळी, बंडी, अंगरखा. आणि घरोघरची गोधडी. त्यामुळे शिवण दोन वाटांनी चालली. एक शिंप्याच्या दुकानातली, दुसरी घरातली. पहिलीला मान होता. संत नामदेव शिंपी घराण्यातले. गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदे आहेत आणि त्यांतल्या एका पदात गज, कातर, सुई, दोरा सगळे भक्तीच्या कामी आले आहेत. गोधडी घालणाऱ्या बाईची सुई मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हती.

ती खिजगणतीत आली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात विणकाम, छपाई यांच्याबरोबर शिवणही शिकवले जाऊ लागले. रमाबाई रानडे यांनी मुंबईतल्या स्त्रियांच्या मंडळात शिवणाचे वर्ग चालवले आणि १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले. तिथेही शिवणकाम होतेच. मला वाटते, विधवा सून अक्षरे गिरवायला जाते म्हटले तर घरात वादळ उठले असते. शिवण शिकायला जाते म्हटले की जरा सोपे पडत असेल. पण शिवण हा बायकांचा विषय, हा शिक्काही त्याबरोबर पक्का झाला. आमच्या शाळेत मुलींना शिवणाचा तास असे, तेव्हा आम्ही मुले मैदानावर असू.

दरम्यान यंत्र आले. आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये पेटंट घेतले, १९३० च्या दशकात कोलकात्यात आपली उषाही तयार होऊ लागली. लांब शिवणी झरझर होऊ लागल्या. पण काज, बटण, हुक, तुरपाई ही कामे पुष्कळ काळ हातानेच होत राहिली. यंत्रावर बसला तो शिंपी, आणि हातकाम गाठोड्यात बांधून घरोघरच्या बायकांकडे गेले.

मोठे बाबा वारल्यावर मोठ्या आईनेही ते घेतले. गोंदियाच्या एका दुकानातून गाठोडे यायचे. मोबदला नगावर, काजाला इतके, तुरपाईला इतके, आणि ते इतके म्हणजे अगदीच थोडे. दिवेलागणीनंतर सुई हातात धरू नये, असे ती आम्हाला बजावायची. एकदा दुकानदाराने टाके दिसतात म्हणून अख्खे गाठोडे परत केले आणि पैसे अडवले. त्या रात्री ती कंदिलाशी बसली. मी दोरा ओवून देत होतो, कारण तिला आता सुईचे नाक दिसत नव्हते. टाके दिसत होते हे खरे होते. सकाळी गाठोडे गेले, पैसे आले, आणि ते कपडे शिंप्याने शिवले म्हणूनच लोकांनी घातले.

परवा नातवाला विजारीचा काठ घालायचा होता. चिंधी दिली, तुरपाई दाखवली. तासाभराने त्याने ती आणून दिली. मी उलटून पाहिली. सगळे टाके दिसत होते. त्याला म्हटले, उसव.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)